बारा आण्यांचं स्वातंत्र्य

१८७३ साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. पुस्तक अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी त्यांनी जी झीज सोसली तिच्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशातल्या लोकांनीही तोच कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं या आशेनं. पुण्यातला एक माळी सातासमुद्रापलीकडच्या लोकांना पुस्तक वाहतो, ही गोष्ट आज आपल्या इतकी सवयीची झाली आहे की तिचं नवल वाटत नाही. वाटायला हवं.

जोतीरावांनी अमेरिका पाहिली नव्हती. ती त्यांच्याकडे दोन वाटांनी आली. एक वाट टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ची. तरुणपणी मित्रांच्या संगतीत ते हे पुस्तक वाचत. दुसरी वाट मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत उतरलं आणि १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं. तिथली मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली सुरू केली. म्हणजे ज्या अमेरिकेला त्यांनी मान दिला ती पुस्तकातली आणि शाळेतली होती. खऱ्या अमेरिकेत ‘गुलामगिरी’ निघालं त्याच सुमारास गाडं उलटं फिरायला लागलं होतं.

ती हकिकत इथे थोडी सांगायला हवी, कारण पुढे ठाणे जिल्ह्याच्या जंगलात जे घडलं त्याचा आकार तिच्याशिवाय नीट दिसत नाही.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि अमेरिकेतली गुलामी कायद्यानं संपली. अपवाद एकच ठेवला: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम घेता येईल. सुटलेल्या लाखो माणसांना पहिल्यांदा काय हवं होतं? जमीन. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं समुद्रकाठची जमीन चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे करून त्यांना द्यायचा हुकूम काढला. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सननं त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. मग काळा शेतकरी त्याच मालकाची जमीन अर्धेलीनं करायला लागला. बी, औत, पीठ, कापड सगळं मालकाच्या किंवा वाण्याच्या दुकानातून उधार. कापूस वेचून झाला की हिशोब. वही मालकाकडे, आकडे त्याचे, आणि वर्षाअखेर देणं शिल्लकच.

अलाबामा राज्यानं तर कायदाच केला की आगाऊ पैसे घेऊन मजूर मधेच काम सोडून गेला तर ती फसवणूक, म्हणजे गुन्हा. अलोंझो बेली नावाच्या एका काळ्या मजुरानं पंधरा डॉलर उचल घेतली होती. महिना-सव्वा महिना राबून तो निघून गेला आणि त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९११ साली न्यायालयानं तो कायदा मोडीत काढला. गुलामी संपल्याला तोवर ४५ वर्षं उलटली होती.

आता आपल्याकडे. हिंदुस्थानात कंपनी सरकारनं गुलामीला कायद्याचा आधार काढून घेतला तो १८४३ साली, अमेरिकेच्या २२ वर्षं आधी. कागदावर पाहायचं तर ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगावचा वारली आदिवासी हा अलाबामाच्या काळ्या माणसापेक्षा आधी स्वतंत्र झाला. पण १८५९ मध्ये इंग्रज सरकारनं आणखी एक कायदा केला: उचल घेतलेल्या कारागिरानं किंवा मजुरानं काम सोडलं तर मालकानं फौजदारी करावी. पुढे अलाबामाला जे सुचलं ते आपल्याकडे कित्येक वर्षं आधीच सुचलं होतं. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे समुद्राला लागून सखल पट्टी आणि तिच्या पूर्वेला चढत जाणारं जंगल. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमाती या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या नाचणी, वरई आणि भात पिकवून राहत होत्या. इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, सारा रोख भरायचा ठरला आणि रोख रक्कम फक्त सावकाराकडे होती. १८६०च्या दशकात मुंबईहून गुजरातेकडे रेल्वे गेली. डहाणूच्या जंगलातलं लाकूड आणि माळावरचं गवत आता थेट मुंबईच्या वखारीत आणि तबेल्यांत जाऊ लागलं. जमिनीला आणि जंगलाला भाव आला, तशी ती वारल्याच्या हातून निसटली. १८७८च्या कायद्यानं उरलेलं जंगल सरकारनं राखीव केलं. शतक संपेपर्यंत बहुतेक वारली स्वतःच्याच बापजाद्यांच्या शेतावर कुळं झाले होते. जमीनदार आणि सावकार नाना जातिधर्मांचे होते, त्यामुळे दोष एका जातीवर टाकून मोकळं होता येत नाही.

कुळानं खंड द्यायचा तो वेगळा. त्यावर वेठ. उन्हाळ्यात मालकाच्या शेतात पालापाचोळा, कवळ, शेण पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की नांगर धरायचा, रोप वर आलं की आवणी, मग कापणी, झोडणी, लाकूडफाटा, गवत, घर शाकारणं. हे सगळं आधी मालकाचं, मग स्वतःचं. पावसाळ्यात भातशेत एका-दोन आठवड्यांच्या हुकलेल्या वेळेनं हातचं जातं, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको. वारल्याचं शेत दर वर्षी हुकायचं, म्हणून आषाढात घरात दाणा नसायचा, म्हणून मालकाकडून खावटी उचलायची आणि ती सुगीला दीडपट-दुपटीनं फेडायची.

यातला सगळ्यात घट्ट फास लग्नाचा. वारल्याचं लग्न म्हणजे गावाचं काम: घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक लिहिणार, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावणार, देज (वधूमूल्य) द्यायचं, पाहुण्यांना भात आणि ताडी द्यायची. पैसा नसेल तर जोडपं तसंच एकत्र राहायचं आणि जमेल तेव्हा, कधी पोरंबाळं झाल्यावर, लग्न उरकायचं. ज्यानं हा खर्च सावकाराकडून घेतला तो त्याचा लग्नगडी झाला. तो राबायचा, त्याची बायको राबायची आणि मजुरी कर्जात वळती व्हायची. कर्ज मात्र कमी व्हायचं नाही. वही सावकाराकडे आणि अक्षरओळख फक्त त्यालाच. लग्नगड्याच्या पोराचं लग्न निघालं की तो नवा लग्नगडी.

हे सगळं सरकारला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मुंबई प्रांतात १९३७ साली काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागाच्या पाहणीचं काम दिलं गेलं. त्याचा अहवाल आजही वाचवत नाही. कुळाला मालक बोलावेल तितके दिवस कामाला जावं लागतं. त्याबद्दल जास्तीत जास्त मिळतो दिवसाचा एक आणा, किंवा एका माणसाच्या एका वेळच्या पोटापुरता तांदूळ. नाही म्हटलं की मार. बायकांच्या अब्रूबद्दलही त्यानं स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. १९३९ अखेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, महायुद्ध पेटलं होतं आणि अहवाल फडताळात गेला.

महायुद्धाच्या त्या वर्षांत पुण्याच्या एका वकिलाची मुलगी, महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, ठाणे जिल्ह्यात किसान सभेचं काम करत होती. गोदावरी परुळेकर. माहेरच्या गोखले. भारत सेवक समाजातून त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या होत्या. नवरा शामराव त्याआधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई कायदेमंडळात निवडून गेलेला. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला, त्यात आंबेडकरांबरोबर शामरावही पुढे होते. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेचा धागा असा फिरून फिरून ठाण्याच्या जंगलापाशी येतो. तो कुणी मुद्दाम ओढलेला नव्हता.

७ जानेवारी १९४५ला कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा बोलायला उभा राहिला, वेठीची आणि लग्नगड्यांची कहाणी सांगितली आणि आमच्याकडे या म्हणाला. त्याच्या चार वर्षं आधी, ६ जानेवारी १९४१ला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांचं भाषण केलं होतं. बोलण्याचं आणि उपासनेचं ही दोन अमेरिकेला जुनीच. त्यांनी भर घातली ती गरजेपासून आणि भीतीपासून मुक्तीची. माह्या धांगड्याला रूझवेल्ट ठाऊक असायचं कारण नाही. पण तो जे मागत होता ते नेमकं यादीतलं तिसरं आणि चौथं होतं.

गोदावरीबाई उंबरगावात गेल्या. पाड्यापाड्यांतून चालत फिरल्या. हा अनुभव त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७०मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत कार्यकर्त्यांची आत्मकथनं पुष्कळ आहेत, त्यातली बरीच स्वतःच्या त्यागाबद्दल असतात. हे पुस्तक समोरच्या माणसाबद्दल आहे. त्यात सगळ्यात जास्त जागा भीतीनं व्यापली आहे: मालकाचं नाव काढताच खाली जाणाऱ्या माना, अनोळखी शहरी माणूस दिसताच जंगलात पळणारे लोक.

२३ मे १९४५ला झरी या गावी सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव चार-दोनच होते आणि कुणालाही पाठ होतील असे होते. वेठ करायची नाही. मालकाच्या शेतावर जायचं तर दिवसाला रोख बारा आणे घेऊनच. मारहाण सोसायची नाही. आणि एकी मोडायची नाही.

तारीख पाहा. मे महिन्याची अखेर. राब भाजून झाले, पंधरा दिवसांत मृग. मजूर आला नाही तर मालकाचं शेत पडीक राहणार होतं. इतकी वर्षं ज्या घाईच्या वेळेनं वारल्याला बुडवलं तीच आता त्याच्या बाजूची झाली. हे कुणी आखून ठरवलं होतं की योगानं जुळलं, ते महत्त्वाचं नाही. पेरणी तोंडावर आली होती आणि मजूर घरी बसले होते.

सिमिंग्टनच्या एका आण्यावरून बारा आणे. मागणी एकदम बारापट कशी, असं तेव्हाही विचारलं गेलं. पण रकमेपेक्षा ‘रोख’ हा शब्द मालकांना जास्त झोंबला. दिवस मावळताना हातात पडलेला पैसा वहीत जात नाही. त्याचा हिशोब त्याच दिवशी संपतो. लग्नगड्याची बेडी वहीत होती, आणि रोख मजुरीनं ती वहीच बाजूला ठेवली.

झरीनंतर जे झालं ते सभेत ठरलेलं नव्हतं. लाल बावटा घेतलेले वारल्यांचे जथे गावोगाव फिरले आणि मालकांच्या दारात जाऊन लग्नगड्यांना सांगू लागले: तू सुटलास, घरी चल. काही आठवड्यांत शेकडो लग्नगडी सुटले. ना कोर्ट, ना वकील, ना कर्जफेडीचा करार. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा पुस्तकात होताच, तो गावात आणायला कुणी आलं नव्हतं.

पावसाळा सरला आणि गवताचा हंगाम आला. मुंबईच्या जनावरांसाठी गवत कापायचं, गाठी बांधायच्या, रेल्वेनं पाठवायच्या. वारल्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले आणि ऑक्टोबरात संप केला. आता मालकांनी डाव टाकला. गोदूताईंची (वारली त्यांना असंच म्हणत) तलवाड्याला रात्री सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या, असा निरोप पाड्यापाड्यांत पोचवला. आणि पोलिसांना कळवलं की वारली हत्यारं घेऊन जमताहेत. हजारो लोक आले. पोलिसांनी गोळीबार केला. लोक पांगले नाहीत, कारण गोदूताई येणार म्हणून ते वाट पाहत होते. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण मारले गेले. हे १० ऑक्टोबर १९४५च्या सुमाराचं. दर वर्षी १० ऑक्टोबरला लाल बावटा तो दिवस पाळतो.

सभांवर बंदी आली, परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. पुढारी नसताना संप मोडेल असा सरकारचा आणि मालकांचा अंदाज होता. तो चुकला. वारल्यांनी संप स्वतः चालवला, एकाही मालकाच्या अंगावर हात न टाकता, आणि अनेक मालकांना दर मान्य करावा लागला.

१९४६मध्ये पुन्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. प्रमुख बाळासाहेब खेर, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. त्या पावसाळ्यानंतर संप जंगलतोडीच्या कामावर गेला. मागणी दिवसाला सव्वा रुपया. नोव्हेंबरात लाकूड व्यापाऱ्यांनी तो दर कबूल केला, पण जमीनदार अडून राहिले. जिल्ह्यात लाल दहशत माजली आहे, कायदा-सुव्यवस्था उरली नाही, अशा तक्रारी मुंबईला जात होत्या. सरकारनं पुन्हा हद्दपारीचे हुकूम काढले, धरपकड केली. जानेवारी १९४७मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार होऊन माणसं मेली. देशाच्या स्वातंत्र्याला तेव्हा सात महिने उरले होते.

इथे एका अमेरिकन माणसाचं म्हणणं आठवतं. एप्रिल १८६४मध्ये, युद्ध चालू असताना, लिंकन बाल्टिमोरला एका सभेत म्हणाला होता की स्वातंत्र्य हवं असं आपण सगळेच म्हणतो, पण त्याचा अर्थ सगळ्यांचा एक नसतो. कुणाला आपल्या श्रमाचं फळ आपल्याला मिळावं असं वाटतं, कुणाला दुसऱ्याच्या श्रमाचं. मग त्यानं मेंढीची गोष्ट सांगितली. धनगर मेंढीच्या नरड्यावरून लांडग्याला हाकलतो, तेव्हा मेंढी त्याला आपला तारणहार मानते आणि लांडगा म्हणतो, यानं माझं स्वातंत्र्य बुडवलं. ठाण्याच्या जमीनदारांच्या अर्जांत नेमका हाच सूर होता. काँग्रेसच्या मंत्र्यांना तो खरा वाटला, याचं दुःख अधिक.

पण खेरांना एकदम खलनायक करणं अन्याय होईल. १९४०मध्ये त्यांनीच आदिवासी सेवा मंडळ काढलं होतं आणि आचार्य भिसे यांच्यासारखी माणसं त्या कामात होती. वारली बंड झालं त्याच १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांमागे त्यांनी कुरणावरच शाळा नेली. वही वाचता आली असती तर लग्नगड्याची फसवणूक इतकी सोपी झाली नसती, हे खरंच आहे. तरी माझं मत सांगतो: सेवेनं वारल्याचं पोर शिकवलं, पण त्याच्या बापाची वेठ संपानंच सुटली. दोन्हींचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं, अदलाबदल करू नये.

डोंगर चढून गेलं की राज्य बदलायचं. आजचा जव्हार तालुका जुन्या जव्हार संस्थानात होता. मुकणे या महादेव कोळी घराण्याची सत्ता तिथे सहाशे वर्षं टिकली. राजा आदिवासी, प्रजा आदिवासी. पण जमिनीची, कर्जाची आणि जंगलाची रीत सगळ्या डोंगरपट्टीत सारखीच. शेजारचं मोखाडा इंग्रजी मुलखात होतं, तिथेही चित्र निराळं नव्हतं. झरीचा वारा पालघर, वाडा, जव्हार, मोखाड्यापर्यंत गेला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी कुळकायदा आला आणि किमान वेतनाचा कायदाही. पुढे जव्हारमधून लाल बावट्याचे आमदार निवडून येऊ लागले. १९६०ला राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि झरी महाराष्ट्रात तलासरीकडे राहिलं. शामराव परुळेकर स्वतंत्र भारताच्या सरकारच्या स्थानबद्धतेत असताना १९६५ साली वारले. ज्यांनी स्वातंत्र्याला एवढं मोल दिलं त्यांचा शेवट असा झाला, यावर वेगळी टिप्पणी नको.

संविधानाच्या २३व्या कलमात माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि त्यासारखी सक्तीची मजुरी यांना मनाई आहे. अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीतला तो अपवाद, गुन्ह्याच्या शिक्षेचा, इथे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांनी त्याच फटीतून हजारो काळ्या कैद्यांना खाणींना आणि मळ्यांना भाड्यानं दिलं होतं. आपल्याकडे सार्वजनिक कामासाठी राज्याला सेवा सक्तीची करता येते, मात्र त्यात धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करता येत नाही. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. कोलंबियात शिकलेल्या माणसानं अमेरिकेचा कित्ता जसाच्या तसा गिरवला नाही, हे जोतीरावांना आवडलं असतं.

कलम लिहून वेठ थांबली नाही, त्यासाठी १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हेही २३व्या कलमातली सक्तीची मजुरीच आहे. मारूनच वेठ घेतली जाते असं नाही, भूकही सक्ती करते. या निकालात अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीचीही चर्चा आहे. झरीच्या सभेतल्या पाच हजार लोकांनी हेच सदतीस वर्षं आधी ठरवलं होतं: बारा आण्यांच्या खाली गेलं की ती वेठ.

त्याच वर्षी, १९८२मध्ये, वसईकडे विवेक पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमजीवी संघटना उभी केली आणि ठाणे जिल्ह्यातले वेठबिगार नव्या कायद्याच्या आधारे सोडवायला सुरुवात केली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी राबणारी माणसं त्यांनाही भेटली. म्हणजे १९४५ची सुटका सगळीकडे पोचलीच नव्हती. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या जुन्या संस्थेनं पंडितांना पुरस्कार दिला. जोतीराव ज्या चळवळीला नमस्कार करत होते तिच्याच परंपरेतली ती संस्था आहे.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. लग्नगडी ही पद्धत म्हणून आज उरलेली नाही, आणि हे यश लहान नाही. पण जामसरसारख्या जव्हार-मोखाड्याच्या गावांतून भात घरात आलं की माणसं खाली उतरतात: भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर. दिवाळीच्या आसपास बयाणा हातात पडतो. घरातलं आजारपण, जुनं देणं, लग्न यांत तो संपतो. मग भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते आणि बाकी हिशोब हंगाम संपल्यावर. भट्टीवाले सगळे सारखे नसतात, पुष्कळ ठिकाणी पैसे चोख मिळतात. जिथे मिळत नाहीत तिथे वही कुणाकडे असते, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा एवढं माहीत असू द्या, आणि तुमच्या ओळखीत कुणी भट्टीवर अडकलं असेल तर त्याला सांगा. १९७६च्या कायद्यानं बिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपवली आहे. अशा माणसाची सुटका करणं हे जिल्हाधिकाऱ्याचं आणि त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांचं काम आहे, मेहेरबानी नाही. आणि कर्ज बिगारीचं आहे असं मजुरानं किंवा या कायद्याखालच्या दक्षता समितीनं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार, कलम १५ प्रमाणे, पैसे देणाऱ्यावर असतो.